केरूच्या नावाची ओळ

निफाडच्या त्या वस्तीत तेजलला सगळे 'दोनदा' म्हणत. तिचं प्रत्येक काम दोनदा असायचं म्हणून. गॅसचा नॉब बंद करून कोपऱ्यापर्यंत जायची आणि परत येऊन पुन्हा बघायची. शाळेत असताना दिलेली उत्तरपत्रिका बाईंकडून मागून घ्यायची, नाव लिहिलंय ना ते बघायला. शेजारची भागीबाई तिला दाराकडे परत फिरताना पाहिलं की ओट्यावरून ओरडायची, "काय गं दोनदा, घर हाय ना जागेवर?" सगळे हसायचे. तेजलही हसायची, पण बघून यायचीच.

तिची आई सुलाबाई मात्र हसत नसे. "ज्याला भ्या वाटतं त्याच्या हातून काम नीट व्हतं," असं तिचं म्हणणं होतं.

सुलाबाई नैताळ्याच्या पुढे, विंचूरच्या रस्त्याला लागून असलेल्या एका पॅकहाउसमध्ये बारा वर्षं द्राक्षांवर कात्री चालवत होती. हंगामात तिथे दोनशे बायका असायच्या. सकाळी फाटकापाशी मोबाईल, बांगड्या, कानातलं सगळं काढून पेटीत ठेवायचं, डोक्याला जाळी, अंगात पांढरा अंगरखा, आणि मग थंडगार हॉलमध्ये दिवसभर घडातले खराब मणी टिपायचे. परदेशी जाणारा माल. त्यात केस सापडता कामा नये. हॉलच्या भिंतीपलीकडे कॉम्प्रेसरची खोली होती. तिथल्या जाड पाइपांमधून अमोनिया फिरायचा आणि त्याच्या जिवावर ही थंडी उभी असायची. वास कधीमधी यायचा, डोळ्यांत बारीक झोंबणारा. बायका म्हणायच्या, "मशीन ढेकर देतंय."

तेजलनं आयटीआयला संगणकाचा कोर्स केला आणि आईच्या ओळखीनं ती तिथे लेबलं छापायला लागली. तिथून तिला उचललं मल्हारीनं. मल्हारी म्हणजे कॉम्प्रेसरचा जुना ऑपरेटर. यंत्राचं काम तो हातानं शिकला होता आणि संगणकाचं हट्टानं. थंडीच्या यंत्रणेला एक जुना संगणक जोडलेला होता, त्यावर लिनक्स. मल्हारीनं त्यात लहान लहान स्क्रिप्ट, म्हणजे यंत्रासाठी आज्ञांच्या याद्या, लिहिल्या होत्या. खोल्यांचं तापमान वाचायचं, पंखे कमीजास्त करायचे, दार उघडं राहिलं तर घंटी वाजवायची, आणि अमोनिया गळाला तर सायरन.

"मला ही पोरगी द्या," तो मॅनेजरसाहेबांना म्हणाला. "ही दोनदा इचारती."

व्हेरिएबल म्हणजे काय, हे त्यानं तिला पडद्यावर शिकवलंच नाही. हॉलबाहेरच्या भिंतीपाशी नेलं. तिथे बायकांच्या पिशव्यांसाठी खुंट्या होत्या, प्रत्येकीवर नावाची चिठ्ठी.

"ही सुलाची खुंटी. आज पिशवी हाय, उद्या शाल आसंल, परवा काय बी नसंल. आपून फक्त म्हनायचं, सुलाच्या खुंटीवरचं आन. काय बदलायचं ते खुंटीवर बदलायचं. गावभर सांगत फिरायचं नाय."

"आणि खुंटीच नसली तर?" तेजलनं विचारलं.

मल्हारीनं तिच्याकडे जरा जपून पाहिलं. "मानूस आसंल तर बोंबलंल, खुंटी कुठंय म्हनून. हा शेल, आपल्या आज्ञा वाचून पाळनारा, बोंबलत नाय. रिकामा हात घेऊन येतो आन् म्हनतो, हे घ्या."

मल्हारीचं इंग्रजी बेतास बात. म्हणून त्यानं व्हेरिएबलना माणसांची नावं दिली होती. रोमन अक्षरांत, पण नावं इथलीच. पंख्यांच्या फेऱ्यांमधलं अंतर कुसाबाई, कारण झाडूवाली कुसाबाई दर दहा मिनिटांनी हॉलमधून एक चक्कर मारायची. घटकेत वर, घटकेत खाली जाणारं तापमान म्हणजे सोमा, ट्रकवरचा ड्रायव्हर, कधी एका जागी न सापडणारा. आणि हवेतल्या अमोनियाची हद्द म्हणजे केरू, फाटकावरचा रखवालदार. सगळ्या नावांची एकच फाईल होती आणि प्रत्येक स्क्रिप्ट सुरू होताना आधी ती वाचायची. त्यात वरून तिसरी ओळ : केरू बरोबर पंचवीस. हवेतला आकडा पंचविसाच्या वर गेला की सायरन.

"हसू येतं ना?" मल्हारी म्हणाला होता. "येऊ दे. पन मानसाचं नाव आसलं की चूक करायला जीव कचरतो."

दोन वर्षांपूर्वी मल्हारी निवृत्त होऊन नांदगावला आपल्या गावी गेला आणि संगणक तेजलच्या हाती आला. यंत्रं सांभाळायला शेखर नावाचा नवा ऑपरेटर होता. स्क्रिप्टला मात्र तिच्याशिवाय कुणी हात लावत नसे.

मग यंदाच्या मार्चमध्ये अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीतून तिला मुलाखतीचं बोलावणं आलं. येताना तुमच्या कामाचे नमुने आणा, असं त्यात लिहिलं होतं. तेजलनं आपल्या स्क्रिप्ट छापून पाहिल्या, आणि कागदावर ती नावं वाचताना तिच्या कानशिलांना ऊन लागल्यासारखं झालं. 'कुसाबाई संपली की सोमाला वाच.' हे ती त्या काचेच्या इमारतीत कुणापुढे ठेवणार होती? तिला मल्हारीची लाज वाटली. आणि लाज वाटली याची परत वेगळी लाज वाटली.

एका रविवारी ती मुद्दाम कामावर गेली आणि तिनं सगळी नावं बदलली. कुसाबाईच्या जागी पंख्यांचं अंतर, सोमाच्या जागी खोलीचं तापमान, केरूच्या जागी अमोनियाची मर्यादा, सगळं शुद्ध इंग्रजीत. नावांच्या फाईलमध्ये बदलली, मग स्क्रिप्टच्या फोल्डरमध्ये शोध लावून प्रत्येक ठिकाणी बदलली. शोध दोनदा लावला. जुनं एकही नाव सापडेना. पंखे चालवून पाहिले, दारांच्या घंट्या वाजवून पाहिल्या, पडद्यावरचे आकडे ताडून पाहिले.

सायरन तेवढा वाजवून पाहिला नाही. मागच्या वर्षी चाचणीसाठी वाजवला तेव्हा बायका सैरावैरा पळाल्या होत्या आणि एकीचं मनगट मोडलं होतं. तेव्हापासून, कुणी काही न ठरवता, चाचणी बंद पडली होती. लोक घाबरतील याची तेजलला भीती वाटली. तिच्या सगळ्या भीत्यांमध्ये ती एकच चुकीची होती.

*

मुलाखत होती गुरुवारी, नावं बदलल्याच्या अकराव्या दिवशी. पहाटे आईनं डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "घाबरू नको म्हनत नाय. घाबरून बोल, पन बोल."

कंपनीतल्या बाईंचं नाव वेदिका. तेजलहून चारपाच वर्षांनी मोठ्या, आवाज मऊ. त्यांनी कागद उलटसुलट करून वाचले.

"छान आहेत की नावं. वाचता वाचता काम कळतं. तुम्हीच दिलीत?"

"हो मॅडम. आधी वेगळी होती. मी बदलली."

"सगळीकडे? चालू यंत्रणेत?" वेदिका मॅडमनी मान वर केली. "धाडसी आहात."

हा शब्द तिला आयुष्यात पहिल्यांदाच कुणी लावला होता. तिला हसू आलं.

"बरं, समजा एखाद्या ठिकाणी जुनं नाव राहून गेलं," मॅडम म्हणाल्या. त्या फक्त पुढचा प्रश्न विचारत होत्या. "शेल काय करेल?"

"काही नाही करणार. ते नाव रिकामं धरेल."

"थांबेल?"

"नाही. रिकाम्याशी आकड्याची तुलना होत नाही, म्हणून एक चूक दाखवेल आणि अट खोटी धरून पुढे जाईल."

"म्हणजे अट खरी झाल्यावर जे व्हायचं, ते..."

"ते कधीच होणार नाही."

"बरोबर. मग काही राहिलं नाही याची खात्री कशी केलीत?"

"शोध लावला. दोनदा."

"कुठे?"

"स्क्रिप्टच्या फोल्डरमध्ये."

"सगळ्या स्क्रिप्ट त्याच फोल्डरमध्ये आहेत?"

तेजल हो म्हणणार, एवढ्यात तिला आठवलं.

सायरनची स्क्रिप्ट त्या फोल्डरमध्ये नव्हती. एका दिवाळीच्या साफसफाईत कुणीतरी अर्धा फोल्डर पुसून टाकला होता, तेव्हापासून मल्हारीनं ती एकटी उचलून दुसरीकडे नेऊन ठेवली होती. कुणाचा हात लागू नये म्हणून. जाताना त्यानं तिला सांगितलं होतं. तिनं वहीत लिहूनही घेतलं होतं. ती स्क्रिप्ट दर मिनिटाला उठायची, नावांची फाईल वाचायची आणि केरूला शोधायची. आणि केरू अकरा दिवसांपासून तिथे नव्हता.

तिनं टेबलावरचे कागद पुन्हा चाळले; सायरनचं पान त्यांत नव्हतंच.

"पाणी घेता का?" वेदिका मॅडम विचारत होत्या.

"मॅडम, आज गुरुवार आहे," तेजल म्हणाली. मॅडमना त्याचा काहीच अर्थ लागला नसणार. पंधरवड्यातून एकदा, गुरुवारी दुपारी बाराला, शेखर यंत्रातलं साचलेलं तेल काढायचा. व्हॉल्व्ह उघडून तेल बादलीत उतरवायचं, आणि तेल संपून मागून अमोनिया यायच्या आत तो बंद करायचा. यंत्राच्या साऱ्या कामांमध्ये जिवावरचं काम ते एकच. शेखर ते बिनधास्त करायचा. "सायरन हाय ना डोक्यावर," असं म्हणायचा.

भिंतीवरच्या घड्याळात साडेअकरा वाजले होते.

*

कागद तिथेच राहिले. जिन्यात उभं राहून तिनं शेखरला फोन लावला. वाजत राहिला. यंत्राच्या खोलीत मोबाईल न्यायला बंदी होती. तो कपाटात वाजत असणार. मॅनेजरसाहेबांचा बंद होता. परदेशातून पाहुणे आले होते, साहेब त्यांना बाग दाखवायला घेऊन गेलेले. मग तिनं आईचा नंबर लावला. तो फाटकापाशी पेटीत आहे, दोनशे मोबाईलच्या ढिगात, हे तिला ठाऊक होतं. तरी शेवटपर्यंत वाजू दिला.

उरला केरू.

"हालो!" केरूबाबांना कमी ऐकू यायचं, म्हणून ते ओरडूनच बोलायचे.

"केरूबाबा, मी तेजल. शेखरदादांना सांगता का, आज तेल काढू नका म्हणावं."

"कोन म्हनतंय? सायेब?"

"नाही, मीच."

"तू? अगं तू लेबलावाली, तो मशीनवाला. माझं ऐकंल का त्यो? आन् मला फाटक सोडता येत नाय, म्हाइतीय ना? पाव्हनं यायचेत."

"बाबा, महत्त्वाचं आहे."

"समद्यांचंच म्हत्त्वाचं आसतं. गाडी आली बघ, ठिवतो."

फोन बंद झाला. तेजल जिन्याच्या कठड्याला धरून उभी राहिली. खरं कारण तिच्या जिभेपर्यंत आलं होतं आणि तिनं ते गिळलं होतं. सांगितलं असतं तर मी केलं हेही सांगावं लागलं असतं. दोनशे बायका भिंतीपलीकडे होत्या, आणि तरीही क्षणभर तिला आपल्या नावाचीच भीती वाटली होती. हे तिनं पुढे कुणालाही सांगितलं नाही.

तिनं नांदगावला फोन लावला.

"बोल गं दोनदा," मल्हारी म्हणाला. मागे कुठेतरी शेळी ओरडत होती. "झाली का मुलाखत?"

"काका, मी केरूचं नाव बदललं. फाईलमधलं. आणि सायरनच्या स्क्रिप्टमध्ये ते जुनंच राहिलंय."

शेळी दोनदा ओरडली.

"कधी?"

"अकरा दिवस झाले."

"तेल काढलं का आज?"

"बाराला काढतील. शेखरदादा फोन घेत नाहीत. केरूबाबांना केला, ते फाटक सोडत नाहीत म्हणतात."

"खरं सांगितलं का त्याला?"

तेजलनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"नाय सांगितलं," मल्हारी म्हणाला. त्याचा आवाज चढला नाही, आणि त्याचीच तिला जास्त भीती वाटली. "चाळीस वर्सं त्यो फाटकावर हाय. अर्ध्या बोलावर कशाला हालंल? तुला लाज वाटती म्हनून? समदं सांग. मोठ्यानं सांग, त्याला ऐकू येत नाय. माझ्याशी बोलत बसू नको, ठेव."

जिन्यातून माणसं वरखाली करत होती. गळ्यात ओळखपत्रं, हातात कॉफीचे कप. त्या सगळ्यांच्या मधोमध तेजल ओरडली, "केरूबाबा, सायरन बंद आहे!"

"काय?"

"सायरन बंद आहे! अमोनिया गळाला तरी वाजणार नाही! मी बंद पाडलाय! माझ्या हातून झालंय!"

कपवाला एक जण जागीच थांबला. पलीकडून केरूबाबांचा श्वास ऐकू येत होता.

"आत्ता वाजत नाय?" त्यांनी हळू आवाजात विचारलं. त्यांना तिनं कधी हळू बोलताना ऐकलं नव्हतं.

"अकरा दिवसांपासून नाही."

"सुला आत हाय."

"हो, बाबा."

मग काहीतरी लाकडावर आदळलं. फोन स्टुलावर टाकला असावा. साखळी खणखणली. चपलांचा आवाज लांब लांब जात गेला. फोन चालूच होता.

*

रिक्षा द्वारकेच्या बसथांब्याकडे निघाली. तिनं एक कान बोटानं बंद केला आणि दुसऱ्याला फोन दाबून धरला. पलीकडे आधी काहीच नव्हतं. वारा आणि कावळे. मग एका ट्रकचा हॉर्न वाजला. थांबला. पुन्हा वाजला, या वेळी लांबलचक. मग ड्रायव्हरच्या शिव्या. फाटकावर कुणी नाही, एवढं तिला त्यावरून कळलं. आत काय चाललंय, ते काहीच कळत नव्हतं.

निफाडची बस लागलेलीच होती. नांदूर नाक्यापर्यंत हॉर्न वाजत राहिला. त्यानंतर तोही बंद झाला, आणि मग नुसती खरखर. दोन्ही बाजूंना बागा होत्या, कागदात गुंडाळलेले घड लोंबत होते. बाहेर मार्चचं पांढरं ऊन. घड्याळात बाराला पाच कमी होते, मग बारा, मग बारा वाजून चार. तिच्या डोळ्यांपुढे भलतंसलतं काही येत नव्हतं. येत होती ती फक्त ती ओळ. केरूच्या जागी काही नाही. दर मिनिटाला स्क्रिप्ट उठते, रिकामा हात पुढे करते आणि परत झोपते. आत्ताही. आत्ताही पुन्हा.

शेजारच्या बाईनं विचारलं, "कुनी गेलंय का, ताई?"

"नाही," तेजल म्हणाली. आणि तिनं फोन पुन्हा कानाला दाबला.

चांदोरीच्या अलीकडे फोनमध्ये आवाज झाला. खूप आवाज, एकावर एक, बायकांचे. तिला ते आरडाओरडा आहे की बोलणं आहे ते ठरवता येईना. मग कुणीतरी फोन उचलला.

"ह्यो कुनाचा फोन चालू हाय? हालो?"

"आई!"

"तेजे? तू कशी हितं? अगं समद्यांना भाईर काढलंय. केरू पळत आला, उरावर हात बडवत, भाईर व्हा, भाईर व्हा. लोकांला वाटलं म्हाताऱ्याला येड लागलं. द्राक्षं तशीच पडलीत टेबलावर."

"शेखरदादा?"

"त्यो व्हॉलवर बसलाच व्हता. केरूनं त्याचा हातच धरला. लय भांडले दोघं. काय झालंय गं? कुनी काय सांगंना."

"वास येतोय का?"

"नेहमीचाच. तेजे, काय झालंय?"

बसमधल्या सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं तिनं आईला सांगितलं. हळू सांगायची ताकद नव्हती. सांगून झाल्यावर पलीकडे बराच वेळ नुसत्या बायका बोलत राहिल्या.

"आई?"

"तू ये," सुलाबाई म्हणाली आणि फोन ठेवला.

*

ती पोहोचली तेव्हा बायका आवारातल्या उन्हात उभ्या होत्या, जाळ्या आणि अंगरखे घातलेल्या. सुपरवायझर निकिता फळं गरम होतायत म्हणून कावलेली. मॅनेजरसाहेब आले होते. पाहुण्यांना त्यांनी मोटारीतच बसवून ठेवलं होतं.

"हे काय ऐकतोय मी?" साहेब म्हणाले. "पंखे चालतायत, घंट्या चालतायत, पडदा चालतोय. सायरनच बंद आहे, हे कशावरून?"

"आधी बघू या, साहेब," शेखर म्हणाला. तो अजून केरूबाबांवर रागावलेला होता, मनगट चोळत होता. त्यानं काठीला कापूस बांधला, अमोनियाच्या पाण्यात बुडवला आणि यंत्राच्या खोलीतल्या सेन्सरपाशी धरला. दार उघडंच होतं. पडद्यावरचा आकडा बाहेरूनही दिसत होता. बारा. तीस. चव्वेचाळीस. सत्तर.

सगळ्यांनी वर भोंग्याकडे पाहिलं.

"स्क्रिप्ट मिनिटातून एकदा चालते," तेजल म्हणाली. "एक मिनिट थांबायला लागेल."

दोनशे बायका थांबल्या. कुणी कानांवर हात घेतले होते. रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला. कुसाबाईचा झाडू तिच्या हातात आडवा होता. सत्तरचा पंच्याहत्तर झाला. एक मिनिट संपलं. कानांवरचे हात तसेच राहिले. दुसरं मिनिट संपलं, आणि मग एकेकीचे हात हळूहळू खाली आले.

काहीच वाजलं नाही. ती शांतता किती मोठी होती ते तेजलला आयुष्यभर मोजता येणार नव्हतं. शेखरनं काठी खाली टाकली. तो भिंतीला टेकून हळूच बसला आणि आपल्या दोन्ही हातांकडे बघत राहिला.

"कधीपासून?" साहेबांनी विचारलं.

"अकरा दिवस."

"कुणाला माहीत होतं?"

"कुणालाच नाही. मलापण नाही."

"घरी जा तू," साहेब म्हणाले. मग त्यांच्या लक्षात आलं असावं, की हे दुरुस्त करणारं दुसरं कुणी नाही. त्यांनी तोंड फिरवलं. "आधी ते नीट कर."

संगणकासमोर बसताना तिला सुलाबाई दारात उभी दिसली. आई आत आली नाही.

तेजलनं लॉगिन केलं. पडद्याच्या वरच्या कडेला एक बारीक ओळ आली : तुमच्यासाठी टपाल आहे. ती ओळ गेले काही दिवस रोज यायची. कुठलीतरी कटकट असेल, हात लावला तर काहीतरी बिघडेल, म्हणून ती तिकडे बघायची नाही. आता तिनं ती पेटी उघडली. आत पंधरा हजारांवर पत्रं होती. दर मिनिटाला एक, अकरा दिवस. सगळ्यांत तेच वाक्य : आकडा अपेक्षित होता. मशीन गप्प बसलं नव्हतं. ते एकसारखं लिहीत होतं आणि पत्रं तिच्याच नावावर येत होती.

तिनं ती वाचत बसण्याचा मोह आवरला. नावांच्या फाईलमध्ये केरूची ओळ परत लिहिली. मग सायरनच्या स्क्रिप्टमध्ये वर दोन ओळी घातल्या : नाव सापडलं नाही, रिकामं सापडलं, आकडा नसला, काहीही बिनसलं तर सायरन वाजव. उगाच वाजला तरी चालेल. प्रत्येक अक्षर तिनं बोट ठेवून वाचलं. दोनदा. मग तिसऱ्यांदा.

"कापूस धरा, शेखरदादा."

या वेळी चाळीस सेकंदांतच भोंगा वाजला. बायका दचकल्या, काही ओरडल्या, एकदोघी रडायलाच लागल्या. निकितानं हसून कान झाकले. केरूबाबा फाटकावरून धावत आले. त्यांना वाटलं, खरंच गळालं. शेखरनं त्यांना मिठी मारली आणि म्हाताऱ्याला त्याचं कारण कुणी सांगेना.

सुलाबाई दारातून आत आली. भोंगा वाजत असताना तिनं तेजलच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी म्हटलं. काय म्हटलं ते तेजलला ऐकू आलं नाही. नंतर विचारायचा तिला धीर झाला नाही.

*

साहेबांनी तिच्याकडून सगळं लेखी घेतलं. तिनं चार पानं लिहून दिली, एकही ओळ झाकली नाही. तिला काढलं नाही. का नाही, ते कुणी सांगितलं नाही. वेदिका मॅडमचा त्या संध्याकाळी निरोप आला होता, 'सगळं ठीक आहे ना?' त्याला तिनं तिसऱ्या दिवशी उत्तर दिलं : 'त्या दिवशी मी खोटं सांगितलं मॅडम. मी खात्री केली नव्हती.'

आता रोज सकाळी आठला, हॉल सुरू व्हायच्या आधी, सायरन वाजवून बघतात. तेजलनंच तसा नियम मागून घेतला. बायकांना आवारात उभं करतात, कुणी पळायचं नाही असं आधी बजावतात. शेखर कापूस धरतो. आकडा चढतो. आणि मग ते मिनिट येतं, स्क्रिप्ट उठण्याआधीचं.

त्या मिनिटात कुणी बोलत नाही. भागीबाईसुद्धा नाही, जी यंदा हंगामाला लागलीय आणि जिला एरवी गप्प बसवत नाही. तेजल खिडकीपाशी उभी राहून मनात आकडे मोजते. तिला सगळं माहीत आहे. ओळ जागेवर आहे, ती काल संध्याकाळी आणि आज सकाळी बघितलीय. तरी वीसच्या पुढे ती केरूची ओळ मनात पुन्हा वाचते. तिसाला आणखी एकदा. चाळीसला ती बायकांकडे बघायचं टाळते, कारण त्या तिच्याकडे बघत असतात. पन्नास. एकावन्न. बावन्न.